जिव्या सोमा म्हसे चित्र काढायला कुणाकडे शिकले?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वारली या आदिवासी समाजाच्या घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रं असताना त्याच समाजातले चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना ‘स्वयंशिक्षित’ का म्हणतात, ही पहिली. दुसरी तुमच्या स्वतःच्या हाताची: त्रिकोण नीट येतात, पण माणसं लाकडी दिसतात. मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. डहाणू-तलासरी भागातल्या शाळांमध्ये मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि वारली रेघ एका पाड्यावरच्या आजींच्या ओटीवर बसून शिकलो. त्या शिकण्यात हाताला जे कळलं, ते सांगतो.

आधी ‘स्वयंशिक्षित’. सत्तरच्या दशकापर्यंत वारल्यांमध्ये चित्र हे बायकांचं काम होतं. लग्नघरात सवाशिणी चौक, म्हणजे चौकटीतलं लग्नविधीचं चित्र, लिहायच्या. ‘लिहायच्या’ हाच तिथला शब्द. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा गिलावा, त्यावर गेरूचा हात आणि मग तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. चौकटीच्या आत पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात पाचशिऱ्या देव, ज्याला मुंडकं नसतं आणि मानेतून पाच कोंब फुटलेले असतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. लग्न उरकलं की त्या भिंतीला कुणी जपत बसत नाही. धुरानं काळवंडते, पुढे कधीतरी सारवण फिरतं आणि चौक त्याखाली जातो.

मुलींना हे कुणी धडा देऊन शिकवत नसे, पण त्यांना जागा होती. आई-मावशी लिहीत असताना पोर शेजारी उकिडवी बसायची, पिठाची वाटी धरायची, कोपऱ्यातली चार पानं तिच्या हाती यायची. मुलाला ती जागा नव्हती. भिंत तोही रोज बघायचा, पण त्याच्या हातात काडी कुणी देत नसे. जिव्या म्हसे यांचं ‘स्वतः शिकणं’ इथून समजून घ्या. परंपरा त्यांच्या घरात होती, डोळ्यांसमोर होती, आणि तरी त्यांच्यापर्यंत येणारी वाट बंद होती. म्हणून ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द त्यांना लागू पडतो. मात्र तो ऐकून कुणी असं समजू नये की रानातल्या एका माणसाला चित्रं आपोआप सुचली. पांढरी रेघ, दोन त्रिकोणांचा देह, लाल मातीची पार्श्वभूमी हे सगळं त्यांना बायकांच्या भिंतींनी दिलं. ज्या बायकांनी ते दिलं त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, आणि ‘स्वयंशिक्षित’ म्हणताना आपण त्यांना पुन्हा एकदा पुसतो, हे मला मनापासून खटकतं.

त्यांचा जन्म १९३४ सालचा, आजच्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्यानं त्यांचं बोलणं थांबलं आणि पुढे बराच काळ हा मुलगा मातीत बोटानं चित्रं काढूनच काय ते सांगायचा. अकराव्या वर्षाच्या सुमारास ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आले आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं. मातीतल्या चित्रांची ही हकिकत इतक्या वेळा सांगितली गेलीय की ती आता दंतकथेसारखी वाटते. मला ती खरीच वाटते, कारण आश्रमशाळेत मी अशी मुलं पाहिली आहेत. घरात कुणी गेलं की काही मुलं महिना-महिना बोलत नाहीत, आणि एकच गोष्ट पाटीवर शंभर वेळा काढतात. एका मुलानं सबंध पावसाळा फक्त बैलाचे पाय काढले होते. बैल नाही, पाय. वर्ष संपेपर्यंत त्याच्याइतका चालता बैल तालुक्यात कुणी काढला नसता. बोलणं बंद झालं की नजर किती खोल जाते, ते मला त्या मुलानं दाखवलं.

तो काळही विसरू नका. वारली माणूस तेव्हा जमीनदाराच्या शेतावर वेठीला राबत होता. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं जमीनदाराकडे राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट लिहिली जायची, तेच लग्न अनेकांना गुलामीत घेऊन जायचं. १९४५ साली झरी गावी परिषद झाली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा जिव्या दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या चित्रांत मोर्चे दिसत नाहीत. पण पेरणारा, लावणी करणारी, झोडणी करणारा, ताडावर चढणारा, ओझं वाहणारी अशी राबणारी माणसं त्यांनी जन्मभर काढली. कामाच्या वेळी अंग कुठे वाकतं हे त्यांना माहीत होतं, कारण स्वतःचं अंग त्यांनी तसंच वाकवलेलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, त्यांनी मिथिलेतल्या बायकांना कागद दिले होते आणि भिंतीवरची मधुबनी कागदावर आली होती. इथेही त्यांनी तेच केलं. खाकी कागद आणि पांढरा रंग वाटला. बायकांनी काही चित्रं काढली, पण कागदावर सगळ्यात मोकळेपणानं उतरला तो एक पुरुष. याचं कारण सोपं आहे. सवाशिणीच्या हाताला चौकाची शिस्त होती, विधीचा धाक होता. म्हसे यांच्या हाताला तसली कुठलीच जबाबदारी नव्हती. कागद म्हणजे चौक नव्हे. त्यावर देव बसवायचा नसल्यामुळे काहीही चालत होतं. मग त्यात आख्खं रान आलं, शेत आलं, नदी आली, गोष्टी आल्या. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मग पाड्या-पाड्यांवर पुरुष काडी हातात घेऊन बसू लागले. वारली चित्र म्हणून आज जे जगभर ओळखलं जातं, त्याचा बराचसा भाग या एका वळणानंतरचा आहे.

आता त्यांच्या कामाकडे जवळून बघू, म्हणजे तुमच्या लाकडी माणसांपर्यंत पोहोचता येईल.

मासे पकडायचं जाळं हा त्यांचा फार आवडता विषय. असं एखादं मोठं चित्र समोर आलं तर आधी लांबून बघा. धुरासारखं, धुक्यासारखं पांढरं काहीतरी चित्रभर पसरलेलं दिसेल. मग नाक लागेल इतकं जवळ जा. ते धुकं म्हणजे जाळ्याचे फासे आहेत, हजारो, एकाला एक लागून, आणि सगळे हातानं काढलेले. मी एका प्रदर्शनात भिंग घेऊन बसलो होतो. फासे सारखे नाहीत. जाळं जिथे ताणलंय तिथे ते लांबट होतात, जिथे सैल पडलंय तिथे गोलसर. पट्टी लावून, आधी चौकडी आखून हे कधीच होणार नाही. काढणाऱ्याच्या मनात जाळ्याचा भार असावा लागतो, कुठल्या बाजूनं ओढ आहे ते ठाऊक असावं लागतं, आणि तो भार प्रत्येक फाशापर्यंत न्यावा लागतो. इतक्या पसाऱ्यात माणूस मात्र इवलासा.

दुसरी गोष्ट त्यांच्या रेघेची. पुष्कळ ठिकाणी ती सलग नसते. तुटक रेघा, ठिपके, पुन्हा तुटक रेघा. त्यामुळे चित्र थरथरतं, स्थिर राहत नाही. समीक्षक याला फार मोठी नावं देतात. मी तुम्हाला कारागिराच्या बाजूनं सांगतो. बांबूच्या काडीचं टोक कुटून किंवा चावून केलेला कुंचला पीठ फारसं धरतच नाही. बोटभर रेघ ओढली की संपला. लांब रेघ हवी असेल तर तुकड्या-तुकड्यानं जावं लागतं. बहुतेक जण हे सांधे लपवायला बघतात. म्हसे यांनी ते लपवले नाहीत, उघडे ठेवले, आणि त्या उघड्या सांध्यांमधूनच हालचाल निर्माण केली. साधनातली अडचण त्यांनी आपल्या रेघेची चाल बनवली. हे त्यांना कुणी शिकवणं शक्यच नव्हतं, कारण भिंतीवरच्या चौकात असं कुणी करत नव्हतं.

तेव्हा ते काय शिकले आणि काय स्वतःचं घातलं, याचं माझं उत्तर असं: आकार त्यांनी घेतले, हालचाल त्यांची स्वतःची.

आता तुमची माणसं. माझीही तशीच होती, आणि माझ्यामुळे शेकडो मुलांचीही. नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मी वर्गात फळ्यावर सांगत असे: हा उलटा त्रिकोण म्हणजे छाती, हा सुलटा त्रिकोण म्हणजे कंबरेखालचा भाग, वर गोल डोकं, बाईला मागे अंबाड्याचा छोटा गोल, चार काड्या हातापायांच्या. झाला वारली माणूस. वारल्यांच्याच मुलांना मी हे सांगत होतो. मुलं मुकाट्यानं पट्टीनं त्रिकोण काढायची. त्याच मुलांना सुट्टीत अंगणात काडीनं रेघोट्या मारताना मी पाहिलं, तेव्हा त्यांची माणसं पळत होती, भांडत होती, झाडावरून पडत होती. माझ्या वर्गात आली की ती ताठ व्हायची. ती चूक माझी होती आणि ती कळायला मला फार वेळ लागला.

ओटीवरच्या आजींनी ती दाखवली. मी काढलेला नाचाचा फेर त्यांनी बराच वेळ पाहिला आणि एका माणसावर बोट ठेवून विचारलं, याचं वजन कुठल्या पायावर आहे? मला सांगता येईना. मग त्यांनी ओल्या जमिनीवर बोटानं एकच ठिपका काढला आणि त्या ठिपक्याभोवती वरचा त्रिकोण थोडा पुढे, खालचा थोडा मागे कलता काढला. माणूस चालू लागला.

तो ठिपका म्हणजे कंबर, दोन त्रिकोणांची टोकं जिथे भेटतात ती जागा. सगळं तिथे आहे. तिला बिजागरी समजा. पेरणाऱ्याचा वरचा त्रिकोण त्या ठिपक्यातून जवळजवळ आडवा होतो. डोक्यावर हंडा असलेल्या बाईचा वरचा त्रिकोण सरळ राहतो, पण खालचा एका बाजूला ढळतो. पळणाऱ्याचं डोकं दोन्ही पायांच्या पुढे जातं. दोन्ही त्रिकोण एका सरळ उभ्या रेघेत ठेवले की माणूस खांबासारखा उभा राहतो, आणि तुमच्या चित्रात हेच होत असणार. गुडघेही बघा. वारली चित्रात काम करणारा पाय सरळसोट क्वचितच असतो.

तारप्याच्या फेरात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तारपा म्हणजे सुकलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांपासून केलेलं फुंकवाद्य. वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ न करता. म्हसे यांच्या चित्रांत हा फेर गुंडाळलेल्या सापासारखा येतो. सुरुवात कुणी बंद वर्तुळानं करू नये. आधी तारपेवाला काढा, मग त्याच्यापासून निघणारी एकच फिरती रेघ डोळ्यांनी धरा आणि माणसं तिच्यावर ओवा. फेराच्या आतली माणसं गर्दी करतात, शेपटाकडची लांब-लांब टांगा टाकतात, कारण त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. प्रत्यक्ष नाचात शेपटाला उभं राहून पाहा, धाप लागते. ही धाप रेघेत आली पाहिजे.

सामानाबद्दल थोडक्यात. मूठभर तांदूळ रात्रभर भिजवा, पाट्यावर गंधासारखे वाटा. मिक्सरमध्ये वाटले तर कणी राहते आणि काडी अडते. थोडा डिंक पाण्यात विरघळवून घाला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पांढरं झडतं, जास्त झाला तर पिवळट चकाकतं. खादीचं किंवा मांजरपाटाचं कापड घेऊन त्यावर शेणकाला किंवा गेरू फिरवा आणि सावलीत वाळवा, उन्हात तडे जातात. पिठाच्या चित्राला कसर लागते, म्हणून आज बहुतेक कलाकार पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरतात. म्हसे यांनीही पुढच्या काळात शेणाचा हात दिलेल्या कॅनव्हासवर ॲक्रिलिक वापरलं. यात कमीपणा काही नाही. पण सुरुवातीचे सहा महिने पीठच वापरा. पीठ ओलं असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरं उमटतं. आपण काय काढलं ते लगेच दिसत नसल्यामुळे हाताला लक्षात ठेवायची सवय लागते, आणि खोडायचा मोह होत नाही.

पुढच्या आयुष्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळेल. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. रिचर्ड लाँग हे इंग्लिश कलावंत मातीवर चालून, दगड मांडून काम करतात. ते वारली मुलखात येऊन गेले आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दोघांचं काम शेजारी-शेजारी मांडलं गेलं. मला ही जोडी फार योग्य वाटते, कारण दोघांचाही विषय माती आणि तिच्यावरून चालणं हाच. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार झाली. जगभर जाऊन आल्यावरही त्यांनी गंजाड सोडलं नाही, आणि मे २०१८ मध्ये तिथेच गेले.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नसली तरी सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीसाठी मला काम आलं. त्यांना मध्यभागी पालघट हवी होती आणि तिच्या पोटावर त्यांच्या धंद्याचं चिन्ह. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. पालघट ही नक्षी नाही. सवाशिणींनी, धवलेरीच्या गाण्यासोबत, एका विशिष्ट लग्नासाठी लिहायची ती देवी आहे. म्हसे यांनी कागदावर जग काढलं तेव्हा वारली समाजाचा माणूस म्हणून काय न्यायचं आणि काय भिंतीवरच ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. तुमचा-माझा तो नाही. शेत काढा, नाच काढा, झाड, मोर, मुंग्या, तुमच्या रस्त्यावरची रिक्षासुद्धा काढा. चौक वारली बाईकडेच राहू द्या. आणि विकायला काढणार असाल तर लक्षात ठेवा, २०१४ पासून वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव त्या भागातल्या कलेसाठी कायद्यानं राखलेलं आहे. ‘वारली पद्धतीनं प्रेरित’ असं स्पष्ट लिहा आणि घरात लावायला चित्र हवं असेल तर छापील स्टिकर न घेता डहाणू-जव्हारकडच्या कलाकाराकडून विकत घ्या.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा माणूस काढूच नका. एक मुंग्यांची रांग शोधा, रोज अर्धा तास तिच्यापाशी बसा आणि नंतर आठवणीनं ती काढा. प्रत्येक मुंगी एक ठिपका आणि एक तुटक रेघ, बस. रांग कुठे वळते, दोन मुंग्या भेटल्या की कुठे थबकतात, दाणा ओढणारी कशी मागे सरकत जाते, हे ठिपक्यांत यायला हवं. दुसऱ्या आठवड्यात एकच माणूस घ्या, खरा, तुमच्या समोर काम करणारा: झाडणारी, ओझं उचलणारा, कुणीही. आधी कंबरेचा ठिपका, मग वजन कुठल्या पायावर आहे ते, आणि त्रिकोण सगळ्यात शेवटी. काडीचं टोक नीट कुटलं गेलं नसेल तर रेघ फाटेल. बांबूची दुसरी काडी सोला, टोक पाण्यात भिजवून दगडानं हळू कुटा आणि पुन्हा बसा.